फोनवरची आणि ऑनलाइन फसवणूक: डोकं शांत असताना करून ठेवायची कामं

"ओटीपी कुणाला सांगू नका" हे आता सगळ्यांना तोंडपाठ झालंय, तरी रोज माणसं फसतातच, आणि फसणारे काही बावळट नसतात, शिकलेले, नोकरी-धंदा सांभाळणारे, दुसऱ्यांना हाच सल्ला देणारे असतात. होतं काय, की सावधपणा चोवीस तास टिकत नाही. अंगात ताप असतो, मिटिंग चालू असते, पोर रडत असतं आणि नेमका तेव्हाच फोन येतो. समोरचा दिवसभर ढीगभर फोन करत असतो, त्याला त्यातला एकच जण गडबडीत सापडला तरी पुरतं.

म्हणून माझं मत सरळ आहे: भामटा वेळेवर ओळखता येईल या भरवशावर राहू नका. फोन, सिम आणि खाती आधीच अशी लावून ठेवा की आपण घाबरलेले किंवा घाईत असलो तरी हातून फार काही निसटणार नाही. खालची कामं मी त्याच हिशोबाने क्रमाने लावलीयेत, वरची आधी करा.

त्यांना आपली माहिती कळते कुठून

कॉल करणारा तुमचं पूर्ण नाव घेतो, बँक कुठली ते सांगतो, कार्डाचे शेवटचे चार आकडे म्हणून दाखवतो आणि आपल्याला वाटतं, एवढं माहीत आहे म्हणजे बँकेचाच असणार. इथेच आपण गळाला लागतो. ही माहिती कधीच बाहेर पडलेली असते. याहूच्या २०१३च्या चोरीत ३ अब्ज खाती, म्हणजे तेव्हाची त्यांची सगळीच्या सगळी, गेली होती आणि हा पूर्ण आकडा बाहेर यायला २०१७ उजाडलं. २०२१ मध्ये फेसबुकवरच्या ५३ कोटींहून जास्त लोकांचे फोन नंबर इंटरनेटवर फुकटात टाकले गेले, सोबत नावं, बऱ्याच जणांच्या जन्मतारखा, गावं. आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे तर आपण कचऱ्यात टाकलेल्या पावतीवरही छापलेले असतात.

मग एका गळतीतून नाव-नंबर, दुसरीतून ईमेल आणि जुना पासवर्ड, तिसरीकडे तुम्हीच टाकलेला वाढदिवसाचा फोटो, पार्सलच्या खोक्यावरचं लेबल, असे तुकडे जुळवून तुमचं अख्खं चित्र तयार होतं. शेवटचा एखादा तुकडाच राहिलेला असतो आणि फोन येतो तो त्या तुकड्यासाठी.

तेव्हा सुरुवातीलाच मनातल्या मनात तीन भाग करून टाका. नाव, मोबाईल नंबर, ईमेल, जन्मतारीख ही माहिती जगजाहीर झालेलीच आहे असं धरून चाला, ती कुणी सांगितली म्हणून तो खरा ठरत नाही. पासवर्ड, पिन, ओटीपी हे गुपित, पण फुटलं तर बदलता येतं. आणि तिसरा भाग म्हणजे सरकारी ओळखपत्राचे नंबर, बोटांचे ठसे, चेहरा, जे एकदा गेलं की बदलणं जवळपास अशक्य. खरी कंजुषी करायची ती या तिसऱ्या भागात, आणि लोक नेमकी तिथेच उधळपट्टी करतात, हॉटेलच्या काउंटरवर मागितली की दिली झेरॉक्स.

१. पहिलं ईमेल, मग बाकी सगळं

लोक बँकेच्या ॲपची काळजी करतात आणि ईमेलला पंधरा वर्षांपूर्वीचा पासवर्ड असतो. अहो, पण "पासवर्ड विसरलात?" दाबलं की सगळ्यांची लिंक येते कुठे? त्याच ईमेलवर. ईमेल ज्याच्या हातात त्याच्या हातात बाकी सगळी खाती, त्याला तुमचा एकही पासवर्ड माहीत असायची गरज नाही.

तर मुख्य ईमेलमध्ये जा आणि सिक्युरिटीच्या पानावर या चार गोष्टी बघा. रिकव्हरीला जो फोन नंबर आणि दुसरा ईमेल दिलाय तो अजून तुमच्याकडे आहे का, की चार वर्षांपूर्वी बंद केलेला नंबर तिथे बसलाय? बंद केलेले नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्याला देतात, मग रिकव्हरीचा कोड त्या अनोळखी माणसाकडे जाणार. दुसरं, कुठल्या कुठल्या डिव्हाइसवर लॉगिन आहे ती यादी बघा, जुना विकलेला फोन, ऑफिस सोडलं तिथला कॉम्प्युटर, सगळं साइन आउट करा. तिसरं, कुठल्या बाहेरच्या ॲप्सना तुमच्या मेलची परवानगी आहे ते, कधीतरी गंमत म्हणून लावलेली क्विझ वगैरे काढून टाका. चौथी गोष्ट कुणी बघतच नाही: फॉरवर्डिंग आणि फिल्टर. मेलमध्ये घुसलेला चोर पुष्कळदा तिथे एक नियम लावून ठेवतो, की बँकेकडून आलेला मेल वाचलेला दाखव आणि ट्रॅशमध्ये टाक, किंवा सगळ्याची एक प्रत अमक्या पत्त्यावर पाठव. तुम्ही पासवर्ड बदलता, निश्चिंत होता आणि तो नियम तसाच चालू राहतो.

२. पासवर्ड

याबद्दल जुना सल्ला डोक्यातून काढा. एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह आणि दर तीन महिन्यांनी बदल, यातून माणसं काय करतात तर शेवटचा १ काढून २ लावतात. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेनेही २०१७च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितलं की उगाच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, लांबी महत्त्वाची. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द, समजा ढग सायकल पाटी उंट खिडकी, हे कुठल्याही आडनाव-ॲट-१२३ पेक्षा कितीतरी भारी. (हेच पाच शब्द मात्र घेऊ नका, आता ते छापून झालेत.)

पण लांबीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे एक पासवर्ड दोन ठिकाणी वापरायचा नाही. चोर तुमचा पासवर्ड अंदाजाने ओळखत बसत नाहीत, कुठल्यातरी फडतूस शॉपिंग साइटवरून फुटलेली ईमेल-पासवर्डची जोडी घेतात आणि मशीनकडून शंभर ठिकाणी लावून बघतात. आता प्रत्येक खात्याला वेगळा म्हटल्यावर लक्षात राहणार नाहीत, म्हणून पासवर्ड मॅनेजर घ्या, फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये आधीपासून असतो तोही चालेल. घरातल्या मोठ्यांना ते जमत नसेल तर वहीत लिहून कपाटात ठेवू दे त्यांना, खरंच. दूर देशात बसलेला चोर कपाटातली वही वाचू शकत नाही, पण व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवून ठेवलेला पासवर्ड आणि गॅलरीतला पिनचा फोटो तो वाचू शकतो.

तुमचा ईमेल कुठल्या गळतीत सापडलाय का ते ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसाने २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर फुकट बघता येतं. बहुतेकांचा सापडतो. घाबरू नका, ज्या साइटचं नाव येईल तिथला पासवर्ड आणि तोच जिथे जिथे वापरलाय तिथला बदला, झालं.

३. दुसरं कुलूप, आणि सगळी कुलपं सारखी नसतात

पासवर्ड गेला तरी आत येता येऊ नये म्हणून टू-फॅक्टर लावायचं. यात तीन प्रकार भेटतात. एसएमएसवर येणारा कोड काहीच नसण्यापेक्षा कधीही चांगला, पण तो तुमच्या सिमवर अवलंबून आहे आणि सिम चोरता येतं, त्याबद्दल पुढे येईलच. ऑथेंटिकेटर ॲप फोनमध्येच दर ३० सेकंदांनी नवा कोड तयार करतं, त्याला नेटवर्क लागत नाही, म्हणून सिम गेलं तरी कोड जात नाही. पण दोन्हीत एक भगदाड सारखंच आहे: कोड तुम्हाला दिसतो, म्हणजे तो तुमच्याकडून वदवून घेता येतो किंवा खोट्या पानावर टाइप करून घेता येतो.

तिसरा प्रकार पासकी. यात सांगण्यासारखा कोडच नसतो. फोन बोटाचा ठसा किंवा चेहरा बघून आतल्या आत एक किल्ली वापरतो, आणि ती किल्ली ज्या वेबसाइटसाठी बनली तिथेच चालते. खोटी साइट कितीही हुबेहूब असली तरी पत्ता वेगळा म्हणून फोन तिला किल्ली देतच नाही, तुम्ही फसलात तरी फोन फसत नाही. वर म्हटलं ना, हातून निसटणारच नाही अशी सोय, ती हीच. ईमेलला पासकीची सोय असेल तर आजच लावा, मागाहून बँक, सोशल मीडिया जिथे मिळेल तिथे.

आणि हे दुसरं कुलूप लावताना बॅकअप कोड मिळतात ते कागदावर उतरवून ठेवा. फोन हरवल्यावर स्वतःच्याच खात्याबाहेर उभं राहावं लागतं, ते फार वाईट.

व्हॉट्सॲपचं वेगळं सांगतो कारण तेही पुष्कळदा चोरलं जातं. ओळखीच्याच नंबरवरून मेसेज येतो, "चुकून माझा सहा आकडी कोड तुझ्याकडे आलाय, पाठव ना", तो कोड तुमच्याच व्हॉट्सॲपचा असतो आणि मित्राचं खातं आधीच गेलेलं असतं. सेटिंग्जमध्ये अकाउंट, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन, तिथे सहा आकडी पिन लावा, मग नुसत्या कोडवर कुणाला घुसता येत नाही. लिंक्ड डिव्हाइसेसची यादीही अधूनमधून बघत जा.

४. सिम आणि नंबर

२०१९च्या ऑगस्टमध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्याच ट्विटर खात्यावरून शिवीगाळ सुरू झाली होती. त्यांचा पासवर्ड कुणी फोडला नव्हता, मोबाईल कंपनीकडून त्यांचा नंबर दुसऱ्याच्या ताब्यात गेला होता. याला सिम स्वॅप म्हणतात: चोर तुमच्या नावाने कंपनीत जातो, सिम हरवलं म्हणतो, नवीन घेतो आणि तुमचे सगळे ओटीपी त्याच्या खिशात.

ओळखायची खूण एकच. सगळ्यांच्या फोनला नेटवर्क आहे आणि तुमचंच अचानक गेलंय, रिस्टार्ट केलं तरी येत नाही. "येईल थोड्या वेळाने" म्हणून झोपू नका, दुसऱ्याच्या फोनवरून लगेच मोबाईल कंपनीला फोन लावा, सिम बदलायचा अर्ज आलाय का विचारा, आणि मग बँकेला. कंपनीच्या खात्याला वेगळा पिन किंवा पोर्टिंग लॉक (म्हणजे नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येऊ नये असं कुलूप) लावायची सोय असेल तर तीही आधीच लावून घ्या.

सिम पिन पण लावा, म्हणजे फोन चोरून सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी चालणार नाही. फक्त लक्षात ठेवा, तीनदा चुकलं की पीयूके कोड (सिम उघडायचा, मोबाईल कंपनीकडून मिळणारा) मागतो आणि तो दहा वेळा चुकला की सिम कायमचं मेलं.

आता कॉल फॉरवर्डिंग. कुरिअरवाला म्हणून फोन येतो, "पार्सल होल्डवर आहे, हा कोड डायल करा म्हणजे डिलिव्हरी बॉयला कॉल लागेल", आणि कोड असतो स्टार २१ स्टार, पुढे एक मोबाईल नंबर आणि हॅश. तो दाबला की तुमचे कॉल त्या नंबरवर जायला लागतात आणि बँकेचा किंवा व्हॉट्सॲपचा कॉलवर येणारा कोडही तिकडेच. *#२१# डायल केलं की फॉरवर्डिंग चालू आहे का ते बहुतेक नेटवर्कवर दिसतं, आणि ##००२# ने सगळी फॉरवर्डिंग बंद होतात. (व्हॉइसमेल वापरत असाल तर तेही त्यात बंद होऊ शकतं, नंतर परत चालू करून घ्यायचं.) कुणी सांगितलं म्हणून स्टार-हॅशवाला कोड दाबायचा नाही, कधीच.

५. फोनच्या आतलं

ॲप फक्त अधिकृत स्टोअरमधून. मेसेजवर आलेली एपीके फाइल (अँड्रॉइडचं ॲप इन्स्टॉल करायची फाइल), मग ती लग्नपत्रिका म्हणून येवो, दंडाची पावती म्हणून येवो की बँकेचं नवं ॲप म्हणून, इन्स्टॉल करायची नाही. अँड्रॉइडमध्ये कुठल्या ॲपला बाहेरचं ॲप इन्स्टॉल करायची परवानगी आहे ती यादी सेटिंग्जमध्ये असते, "इन्स्टॉल अननोन ॲप्स" म्हणून, तिथे व्हॉट्सॲप, ब्राउझर, फाइल मॅनेजर सगळ्यांचं बंद करा. हे केलं की चुकून दाबलं गेलं तरी फोनच अडवतो.

परवानग्यांमध्ये तीन बघायच्या. एसएमएस वाचायची, नोटिफिकेशन वाचायची आणि ॲक्सेसिबिलिटी. पहिल्या दोनमधून ओटीपी जातो आणि तिसरी सगळ्यात डेंजर, कारण दृष्टी कमी असणाऱ्यांच्या मदतीसाठी असलेली ही सोय ॲपला स्क्रीन वाचू देते आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू देते. टॉर्च किंवा वॉलपेपरचं ॲप हे मागत असेल तर उडवून टाका.

लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. फोन टेबलावर पडलेला असताना ओटीपी वाचायला अनलॉक करावाच लागत नाही, नाहीतर.

स्क्रीन शेअर हा आताचा आवडता डाव आहे. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही ॲप्स स्वतः चांगलीच आहेत, कामाचीच आहेत, पण "रिफंड देतो, तुम्हाला मदत करतो" म्हणून ती टाकायला लावली की तुमची स्क्रीन त्याला दिसते, मग ओटीपी तुम्ही सांगितला नाही तरी तो वाचतो. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्येही स्क्रीन शेअर आहे, त्यामुळे नवीन ॲप टाकायलाच लागतं असंही नाही.

६. आपणच वाटलेली माहिती

सोशल मीडियावरून जन्मवर्ष आणि फोन नंबर काढा, फ्रेंड लिस्ट लपवा, कारण तुमच्या फोटोचं डुप्लिकेट खातं काढून पैसे मागायचे तर मित्रांची यादीच लागते. पहिली शाळा, पाळीव प्राण्याचं नाव, आईचं माहेरचं आडनाव असले सिक्युरिटी प्रश्न असतील तर खरी उत्तरं देऊ नका, काहीही द्या आणि पासवर्ड मॅनेजरमध्ये लिहून ठेवा. तिकिटं, बोर्डिंग पास, नव्या कार्डाचा फोटो टाकणाऱ्यांना तर हात जोडावेत.

ओळखपत्राची कॉपी द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा, "फक्त अमुक कामासाठी, अमुक संस्थेला", आणि तारीख, मजकुरावरूनच जाईल असं, कोपऱ्यात नाही, कोपरा कापता येतो. फोटो पाठवायचा असेल तर फोनवरच त्यावर लिहून, त्याचा स्क्रीनशॉट काढून तो पाठवा.

७. फोन आलाच तर

इथे थोडं थांबून बघू, कारण वरचं सगळं करूनही फोन येणारच. एक नमुना घ्या.

"नमस्कार, बँकेच्या फ्रॉड डिपार्टमेंटमधून बोलतोय. तुमच्या कार्डावरून आत्ता परदेशात एक व्यवहार झालाय, तुम्ही केलाय का?"

"नाही हो!"

"वाटलंच मला. काळजी करू नका, मी तो थांबवतोय. कार्डाचे शेवटचे आकडे अमुक अमुक, बरोबर? तुम्हाला आता कॅन्सलेशन कोड येईल, तो वाचून दाखवा. फोन ठेवू नका हं, ठेवला तर व्यवहार पास होईल."

बघा कसं रचलंय ते. आधी धक्का, मग लगेच दिलासा, आणि दिलासा देणारा तोच. आपली पाचावर धारण बसलेली असते म्हणून वाचवणारा देवमाणूस वाटतो. आकडे तो सांगतो आणि "बरोबर?" तेवढं आपण म्हणतो, त्यामुळे वाटतं आपण काही दिलंच नाही. आणि शेवटचं वाक्य, फोन ठेवू नका, ते सगळ्यात महत्त्वाचं, कारण फोन ठेवला की डोकं चालायला लागतं.

आता त्या कोडचा मेसेज पूर्ण वाचा. त्यात लिहिलेलं असतं, "नवीन डिव्हाइसवर नोंदणीसाठी" किंवा "अमुक रकमेच्या खरेदीसाठी". व्यवहार रद्द करायला म्हणून मागितलेला कोड व्यवहार करायचा असतो. कोड हा नेहमी काहीतरी घडवायला असतो, न घडलेलं थांबवायला बँकेला तुमचा कोड लागत नाही. नुसता आकडा उचलायची सवय फार वाईट, फोनही हल्ली आकडा तेवढा वर दाखवतो, पण आधीची ओळ वाचल्याशिवाय बोट पुढे न्यायचं नाही.

मग करायचं काय? वाद घालायचा नाही, त्याची परीक्षा घ्यायची नाही, हुशारी दाखवायला जायचं नाही. "मी बँकेत फोन करतो" म्हणायचं, ठेवायचा, आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर किंवा बँकेच्या ॲपमधल्या नंबरवर आपण स्वतः फोन लावायचा. तो खरा असेल तर त्याचं काही बिघडत नाही, खोटा असेल तर संपलं. ओळखायची कटकटच नाही यात, खऱ्याला आणि खोट्याला एकच वागणूक. वाईट वाटून घेऊ नका, समोरच्याला काय वाटेल या भिडेपायी माणसं जेवढी फसतात तेवढी लोभापायी फसत नसतील असं मला वाटतं.

स्क्रीनवर बँकेचं नाव दिसतंय यावर जाऊ नका, दिसणारा नंबर बनावट करता येतो. एसएमएसचंही तेच, पाठवणाऱ्याचं नाव तेच लिहिलं की फोन तो मेसेज बँकेच्या खऱ्या मेसेजांच्याच रांगेत नेऊन ठेवतो, वर खरे चार आणि खाली खोटा एक. आणि नंबर गूगलवर शोधून पहिला दिसेल त्यावर फोन करू नका, कस्टमर केअरच्या नावाने खोटे नंबर तिथे पेरून ठेवलेले असतात.

कॉल मर्ज करायला सांगितला तर तिथेच तोडा. "तुमच्या मित्राने नंबर दिलाय, तोच दुसऱ्या लाइनवर आहे, मर्ज करा" म्हणतात, दुसरी लाइन असते ओटीपी बोलून सांगणाऱ्या मशीनची आणि तो सगळं ऐकत असतो.

पोलीस, कस्टम्स, कोर्ट म्हणून व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवणारेही असतात, गणवेश, मागे झेंडा, "कुणाला सांगू नका, नाहीतर अटक". चौकशीची खरी नोटीस लेखी येते आणि वकिलाशी, घरच्यांशी बोलायला मनाई करणारा, वर "तपासणीसाठी" पैसे पाठवायला सांगणारा तर पोलीस नव्हेच.

हे फक्त साध्यासुध्या माणसांचं होतं असंही नाही. २०२०च्या जुलैमध्ये ट्विटरच्या कर्मचाऱ्यांना आयटी हेल्पडेस्क म्हणून फोन करूनच आतला प्रवेश मिळवला गेला आणि ओबामा, बायडेन, इलॉन मस्क यांच्या खात्यांवरून बिटकॉइन मागणारे ट्वीट पडले. २०२४च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरुप या इंजिनिअरिंग कंपनीच्या कर्मचाऱ्याला व्हिडिओ मिटिंगमध्ये साहेब आणि सहकारी दिसत होते, सगळे एआयने बनवलेले, आणि त्याने २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून टाकले.

८. लिंक आणि क्यूआर

वेबसाइटचा पत्ता उजवीकडून वाचायचा. सुरुवातीचं https:// सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा भाग घ्या आणि त्यातलं शेवटचं टिंब व त्याच्या अलीकडचा शब्द बघा, मालक तो. समजा पत्ता आहे "अमुकबँक.कॉम.खाते-अपडेट.टॉप", तर यात अमुकबँक नुसती शोभेला आहे, साइट "खाते-अपडेट.टॉप" वाल्याची. (.co.in सारखं देशाचं टोक असेल तर कधी कधी शेवटचे दोन तुकडे सोडून अलीकडचा शब्द बघावा लागतो.) पूर्वी कुलूप दिसलं की साइट सुरक्षित असं सांगायचे, ते विसरा, कुलूप म्हणजे मधला रस्ता कुणी ऐकत नाही एवढंच, रस्त्याच्या टोकाला चोर बसलेला असू शकतो. क्रोमने तर २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

क्यूआर म्हणजे न वाचता येणारी लिंक, स्कॅन केल्यावर पत्ता दिसतो तो उघडायच्या आधी वाचा. पासवर्ड मॅनेजर नेहमी आपोआप पासवर्ड भरतो आणि आज भरत नाहीये, तर त्याला दोष देऊन हाताने टाइप करू नका, बहुतेक पत्ता खोटा आहे म्हणूनच तो भरत नसतो.

९. घरातले

आवाजाची नक्कल आता थोड्याशा रेकॉर्डिंगवरून होते, तेव्हा "आई, मी अडकलोय, पैसे पाठव" हा पोराचाच आवाज असेल असं नाही. घरात एक खूणशब्द ठरवा, मेसेजवर कधीही न लिहिलेला. तो नसेल आठवत तरी चालेल, फोन ठेवून पोराच्या नेहमीच्या नंबरवर लावायचा.

मोठ्यांच्या बाबतीत एक करा, त्यांना कधी रागावू नका. "तुम्हाला सांगितलं होतं ना" ऐकावं लागेल या भीतीने ते दोन दिवस गप्प बसतात आणि तेच दोन दिवस पैसे परत मिळायचे असतात. बँकेच्या ॲपमध्ये त्यांच्या व्यवहारांची मर्यादा कमी करून ठेवा, रोजच्याला पुरेल एवढीच, परदेशी व्यवहार बंद.

१०. झालंच तर पहिल्या तासात

क्रम महत्त्वाचा आहे. स्क्रीन शेअर चालू असेल किंवा नको ते ॲप टाकलं गेलं असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद, मोबाईल डेटा आणि वायफाय दोन्ही. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला फोन, कार्ड आणि ऑनलाइन व्यवहार बंद करायला सांगा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या. तुमच्या देशात सायबर फसवणुकीसाठी हेल्पलाइन असेल तर लगेच तिथेही, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जात असतात आणि ते मध्येच गोठवायचे तर मिनिटं मोजली जातात. मग दुसऱ्या, स्वच्छ डिव्हाइसवरून ईमेलचा पासवर्ड बदला, सगळीकडून साइन आउट करा आणि वर सांगितलेले फॉरवर्डिंग-फिल्टर बघा. त्यानंतर बाकीची खाती. तो फोन शेवटी फॅक्टरी रिसेट.

चॅट, नंबर, व्यवहाराचे मेसेज रागाच्या भरात डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. नातेवाइकांना आणि ग्रुपवर कळवा की माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका.

आणि काही दिवसांनी एक गोड बोलणारा फोन येईल, वकील म्हणून, रिकव्हरी एजन्सी म्हणून किंवा सायबर सेल म्हणून, की तुमचे बुडालेले पैसे सापडलेत, फक्त प्रोसेसिंग फी भरा. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, त्याला तुमची रक्कम आणि तारीख दोन्ही बरोबर माहीत असेल. त्यालाही तेच, फोन ठेवायचा आणि जिथे तक्रार केली तिथे आपण लावायचा.